करकोच्याची चोच, मुंगळ्याचा जबडा : कुर्तुब्याचे जर्राह अबुल कासिम अल-जहरावी

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक मेसेज फिरत असतो. शस्त्रक्रियेचा शोध मुसलमानांनी लावला, सगळी हत्यारं एका मुसलमान हकिमाने बनवली आणि युरोपने ती चोरली, अशा धाटणीचा. आपण तो वाचतो, छाती फुगते, दहा जणांना पुढे पाठवतो आणि विसरून जातो. तो हकीम कोण होता, नेमकं काय केलं, कशाच्या आधारे केलं, हे ना मेसेज सांगतो ना आपण विचारतो.

म्हणून या लेखात आम्ही त्या हकिमाची ओळख जरा सविस्तर करून देणार आहोत. नाव अबुल कासिम खलफ इब्न अब्बास अल-जहरावी. युरोपात त्यांना अल्बुकासिस म्हणतात. त्यांचं खरं मोठेपण त्या मेसेजमधल्यापेक्षा वेगळं आहे, आणि आमच्या मते जास्त मोलाचं आहे. अल्लाहने निर्माण केलेल्या पक्ष्या-प्राण्यांकडे, पाना-फळांकडे आणि किड्या-मुंग्यांकडे ते एका कारागिराच्या नजरेने बघत होते. या वस्तूचा आजारी माणसाला काय उपयोग होईल, हा सवाल त्यांच्या मनात कायम असायचा.

राजनगरी आणि तिचा हकीम

अंदलूस म्हणजे आजच्या स्पेनचा मुस्लिम राजवटीखालचा भाग. उमय्या घराण्यातील अब्दुर्रहमान तिसरे यांनी 929 साली तिथे खिलाफत जाहीर केली. कुर्तुबा, म्हणजे आजचं कॉर्डोबा, हे राजधानीचं शहर. शहराच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर डोंगराच्या उतारावर खलिफांनी एक नवी राजनगरी वसवायला घेतली, तिचं नाव मदीनतुज्जहरा. साधारण त्याच सुमारास, 936 च्या आसपास, अबुल कासिम यांचा जन्म झाला असं इतिहासकार मानतात. या नगरीवरूनच त्यांना जहरावी म्हणू लागले. त्यांच्या नावाला अन्सारी अशीही निस्बत जोडलेली आढळते.

तो काळ इल्मचा होता. अब्दुर्रहमान यांचे पुत्र खलिफा अल-हकम दुसरे यांना पुस्तकांचं वेड होतं. त्यांच्या ग्रंथालयात चार लाख ग्रंथ होते, असं जुने इतिहासकार लिहून गेले. आकडा थोडा वाढवून सांगितला असेल असं धरलं, तरी त्या काळच्या युरोपात तशी दुसरी जागा नव्हती.

अशा शहरात जहरावी वाढले, शिकले आणि हयातभर रुग्ण तपासत राहिले. त्यांच्या खाजगी आयुष्याबद्दल जुन्या चरित्रकारांनी फार थोडं लिहिलंय. अंदलूसचे मोठे आलिम इब्न हज्म यांनी त्यांच्या ग्रंथाची वाखाणणी केली, आणि पुढे अल-हुमैदी यांनी अंदलूसच्या नामवंतांमध्ये त्यांची छोटीशी नोंद केली. जहरावींची जास्त ओळख होते ती त्यांच्याच पुस्तकातून.

हाताच्या कामाची इज्जत

त्या पुस्तकाचं नाव अत्तसरीफ. पूर्ण नाव लांबलचक आहे. ज्याला स्वतःला एवढी पुस्तकं जमवून संकलन करणं शक्य नाही त्याच्यासाठी केलेली मांडणी, असा त्याचा साधारण अर्थ. म्हणजे लेखकाने पहिल्यापासून विचार केला तो गावाकडच्या, दूरच्या, ज्याच्याजवळ शाही ग्रंथालय नाही अशा वैद्याचा. इसवी सन 1000 च्या सुमारास हा ग्रंथ पुरा झाला. त्यात एकूण 30 भाग आहेत. आजारांची लक्षणं, औषधं, गोळ्या, मलमं, आहार असं सगळं त्यात आलंय. तिसावा आणि शेवटचा भाग मात्र निव्वळ शस्त्रक्रियेचा.

शस्त्रक्रिया शेवटी ठेवायला कारण होतं. त्या काळात शिकलेले हकीम नाडी बघायचे, नुस्खा लिहायचे, पण चाकूला हात लावणं त्यांना कमीपणाचं वाटे. ते काम हज्जाम, हाडवैद्य आणि फिरत्या लोकांकडे. जहरावींनी याच गोष्टीची खंत मांडली आहे. आपल्या मुलुखात ही विद्या जवळजवळ संपत आली, आणि ज्यांना शरीराची रचनाच ठाऊक नाही असे लोक माणसं कापतात, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत लिहिलं.

नुसतं लिहिलं नाही, दाखलेही दिले. एका अडाणी वैद्याने एका बाईच्या मानेवरची गाठ कापताना रक्तवाहिनी तोडली आणि ती जागीच गेली. दुसऱ्याने एका म्हाताऱ्याचा मुतखडा काढताना त्याच्याबरोबर मूत्राशयाचा तुकडाही ओढून काढला. तो बिचारा तीन दिवसांत दगावला. म्हणून आधी शरीररचना शिका, मग हत्यार धरा, असा त्यांचा आपल्या शागिर्दांना आग्रह. या शागिर्दांना ते पुस्तकात आपली लेकरं समजूनच बोलतात.

पण नुसतं शिकवून भागत नाही, हत्यारंही लागतात. इथे जहरावींनी जे केलं ते आधी एवढ्या प्रमाणात कुणी केलेलं नव्हतं. त्यांनी सुमारे 200 हत्यारांची चित्रं काढली. प्रत्येक कशाचं बनवायचं, टोक कसं, जाडी किती, आतून दाते ठेवायचे की नाही, सगळं सांगितलं. हकीम वाचू शकेल आणि शेजारच्या गल्लीतला लोहार चित्र बघून घडवू शकेल, असं ते पुस्तक झालं.

करकोच्याची चोच

आता ही हत्यारं जरा जवळून बघू या.

दात उपटताना कधीकधी वरचा भाग तुटतो आणि मूळ हिरडीत राहतं. साध्या पकडीने ते धरता येत नाही. जहरावींनी यासाठी जो चिमटा सांगितला, त्याची टोकं करकोच्याच्या चोचीसारखी. करकोचा चिखलात, पाणवनस्पतींच्या मुळांत चोच खुपसून बेडूक नाहीतर मासा पकडतो. अरुंद जागेत लांबवर पोचायचं आणि निसटती वस्तू घट्ट धरायची, हे त्याचं रोजचं काम. दाताच्या मुळाचंही तेच. जहरावींनी त्यात एक भर घातली. टोकांच्या आतल्या बाजूला कानशीसारखे दाते ठेवले, म्हणजे ओलं मूळ घसरू नये. पकडलेला मासा सुटू नये म्हणून कित्येक पक्ष्यांच्या चोचीलाही आतून अशी धार असते.

शरीरात रुतलेला बाण काढायलाही पक्ष्याच्या चोचीसारखाच चिमटा त्यांनी सांगितला. युद्धाचा काळ होता, बाणाच्या जखमा रोजच्या. त्यातही दाते तेच, कारण बाणाचं पातं रक्ताने निसरडं झालेलं असतं.

लघवी तुंबली तर नळी घालावी लागते. आजही प्रत्येक दवाखान्यात हे होतं. जहरावींची नळी चांदीची, गुळगुळीत, आतून पोकळ, पक्ष्याच्या पिसाच्या देठासारखी. लांबी साधारण दीड वीत, वरच्या टोकाला छोटंसं नरसाळं. पिसाचा देठ हातात धरून बघा. वजनाला काहीच नाही, पोकळ आहे, तरी सहज मोडत नाही आणि कुठे खरखर नाही. नाजूक वाटेने जाणाऱ्या नळीत हेच गुण हवेत. पुढची युक्ती तर खास आहे. नळीत आधीच दोरा ओवायचा, त्याच्या टोकाला लोकर किंवा कापूस बांधायचा. नळी आत पोचली की दोरा ओढायचा. लोकर बाहेर येताना मागे पोकळी होते आणि लघवी तिच्यामागोमाग वाहू लागते. आपल्याकडे शेतकरी डिझेलच्या पाइपात तोंडाने ओढून प्रवाह सुरू करतो, तत्त्व तेच.

डागण्याच्या सळया, म्हणजे त्या काळचा एक मोठा इलाज, त्यांत एका सळईचं टोक जैतुनाच्या फळासारखं. एका चाकूचं पातं आस नावाच्या सुगंधी झुडपाच्या पानासारखं. निसर्गातला आकार सांगितला की दूरच्या लोहारालाही लगेच समजतं. ज्या काळात मोजमापाचे एकसारखे कागद नव्हते, त्या काळात जैतुनाचं फळ आणि झाडाचं पान हेच सगळ्यांना ठाऊक असलेलं माप होतं.

मुंगळा आणि आतड्याचा धागा

पोटावर वार झाला आणि आतडं फाटलं तर काय करायचं? भूल नाही, जंतुनाशक नाही, रक्त चढवणं नाही. जहरावी आधी सांगतात की बाहेर आलेलं आतडं थंड हवेने फुगतं, म्हणून कोमट पाण्यात भिजवलेल्या स्पंजने ते शेकून मऊ करा, मग आत ढकला. आणि फाटलेली जागा जोडण्यासाठी दोन उपाय.

पहिला, मुंगळ्यांचा. मोठ्या डोक्याचे मुंगळे घ्यायचे. जखमेच्या दोन्ही कडा जुळवून धरायच्या आणि मुंगळ्याचा उघडा जबडा तिथे टेकवायचा. तो कडकडून चावला की धड कापून टाकायचं. डोकं तसंच कडांना चिकटून राहतं. असे एकापुढे एक मुंगळे लावत जायचं आणि आतडं परत पोटात ठेवायचं. लहानपणी ज्याला मुंगळा चावलाय त्याला माहीत आहे, धड तुटलं तरी जबडा सुटत नाही. जबडा मिटणारे स्नायू ताकदवान, आणि एकदा मिटला की मिटलेलाच. आज ऑपरेशन थिएटरमध्ये स्टेपलरने जखम बंद करतात, त्या पिनाही हेच करतात. दोन टोकं रुततात, आत वळतात, कडा धरून ठेवतात. हंगेरीच्या ह्यूमेर ह्युल्टल यांनी 1908 साली पहिला सर्जिकल स्टेपलर वापरला. म्हणजे अत्तसरीफनंतर 900 वर्षांनी.

दुसरा उपाय जनावराच्या आतड्याचा धागा. बकरी ईदला घरात कुर्बानीचं काम झालं की ओझडी धुताना आपण बघतोच, आतडं पातळ असलं तरी किती चिवट असतं. त्याचा बारीक धागा काढून, खरवडून साफ करायचा. पण हा धागा सुईच्या नेढ्यात नीट जात नाही. जहरावींनी वाट काढली. धाग्याच्या टोकाला पीळ दिलेला बारीक जवसाचा दोरा बांधायचा, तो दोरा सुईत ओवायचा, म्हणजे त्याच्यामागून आतड्याचा धागा आपोआप ओढला जातो.

हा धागा पोटात राहिला तर काय? रेशीम किंवा सूत आत तसंच पडून राहतं. आतड्याचा धागा मात्र मुळात प्रथिनांचा, आपल्या शरीरातही असणाऱ्या कोलेजनचा. शरीर त्याला हळूहळू पचवून टाकतं. साधा कॅटगट धागा आठवडा-दहा दिवस ताकद धरतो आणि दोन-अडीच महिन्यांत विरघळून जातो. तोवर जखम भरलेली असते. टाके काढायला पोट पुन्हा उघडावं लागत नाही. कॅटगट या नावात मांजर आहे, पण धागा मांजराचा नसतो, मेंढी किंवा गुराच्या आतड्याचा असतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या जोसेफ लिस्टर यांनी तो कार्बोलिकने जंतुरहित केला आणि जगभरातल्या दवाखान्यांत तो पोचला. युरोप आणि जपानने गुरांच्या मेंदूच्या रोगाच्या धास्तीने नंतर तो बंद केला आणि तिथे कृत्रिम विरघळणारे धागे आले. पण त्या कृत्रिम धाग्यांची मूळ कल्पनाही हीच, की काम होईपर्यंत टिकायचं आणि मग नाहीसं व्हायचं.

इथे एक गोष्ट साफ सांगायला हवी. इंटरनेटवर एक किस्सा फिरतो की जहरावींच्या ऊदच्या, म्हणजे वाद्याच्या, तारा माकडाने खाल्ल्या आणि त्यावरून त्यांना हा शोध लागला. ऐकायला गोड आहे. पण आतड्याच्या धाग्याचं जे प्रकरण त्यांनी लिहिलं त्यात माकड नाही. तिथे आहे फाटलेलं आतडं, एक घाबरलेला जखमी आणि एक जबाबदार जर्राह. आणि तो जर्राह स्वतःच कबूल करतो की मुंगळ्याने किंवा आतड्याने शिवणं हे अल्लाहवर भरवसा ठेवून, उमेद धरून करायचं काम आहे, खात्रीचा इलाज नव्हे. एवढा प्रामाणिकपणा आजही सगळ्याच जाहिरातींत सापडत नाही.

सोनं कुठे चांगलं, कुठे नाही

कोणत्या कामाला कोणती वस्तू वापरायची, ही पारख म्हणजे अर्धं इंजिनिअरिंग. जहरावींची ही पारख दोन उदाहरणांतून कळते.

मार लागून दात हलू लागले तर ते तारेने एकमेकांना बांधायचे. त्यासाठी ते सोन्याची तार पसंत करतात. कारण चांदी तोंडाच्या ओलाव्यात काही दिवसांत हिरवट पडते, खराब होते. सोनं जसंच्या तसं राहतं. पडलेला दात परत जागेवर बसवून बांधता येतो, आणि तो हरवला असेल तर बैलाच्या हाडातून दाताच्या आकाराचा तुकडा कोरून बसवावा, असंही ते सांगतात. हाडाच्या जागी हाड! आजही दाताच्या दवाखान्यात जबड्याचं हाड झिजलेलं असेल तर गुरांच्या हाडापासून तयार केलेली भुकटी भरतात.

पण डागण्याच्या सळईसाठी मात्र त्यांनी सोनं नाकारलं. त्या काळी अनेकांना वाटे की सोन्याने डागलेलं उत्तम. जहरावींचं म्हणणं, सोन्याचा मूळ रंगच पिवळसर-लाल, त्यामुळे ते पुरेसं तापलं की नाही हे डोळ्याला कळत नाही. ते लवकर थंड होतं, आणि जास्त तापवलं तर वितळतं. लोखंडाचं तसं नाही. म्हणून सळई लोखंडाची. एकच धातू, तोंडात चांगला, भट्टीत वाईट. किंमत बघून नव्हे, गुण बघून निवड.

मूत्राशयात औषध सोडायला त्यांनी चांदीची किंवा हस्तिदंताची, दट्ट्या असलेली पिचकारी सांगितली. ती नसेल तर मेंढ्याच्या मूत्राशयाची पिशवी करून तिच्यातून औषध दाबून सोडायची. मूत्राशय मुळातच पाणी धरून ठेवायला आणि दाबून बाहेर टाकायला घडवलेलं आहे, मग तेच काम त्याच्याकडून करून घ्या. मोडलेल्या हाडाला लेप लावायला चक्कीच्या भिंतीवर बसलेली पिठाची धूळ अंड्याच्या पांढऱ्यात कालवायची. वाळला की कडक होतो. आजच्या प्लास्टरचा हा गरिबाघरचा पूर्वज. मूत्रमार्गात अडकलेला खडा फोडायला बारीक, तीन धारांचं गिरमिट, सुतार लाकडाला भोक पाडतो तसं, हळूहळू फिरवायचं.

रुग्णाची भीती आणि रुग्णाची लाज

हत्यारांच्या या जगात जहरावींना माणूस दिसत होता. गळू फोडायचं आहे, रुग्ण चाकू बघूनच हातपाय गाळतो. त्यासाठी त्यांनी असा चाकू काढला की पातं आत लपलेलं असतं. रुग्णाला वाटतं हकीम नुसतं चाचपून बघतायत, तोवर काम झालेलं असतं.

एका दासीने सुरीने स्वतःचा गळा चिरून घेतला. जहरावींना बोलावलं. तिच्या गळ्यातून हवा निघत होती, आवाज हलाल केलेल्या जनावरासारखा येत होता. त्यांनी नीट बघितलं, मोठ्या रक्तवाहिन्या शाबूत होत्या, फक्त श्वासनळी चिरली होती. त्यांनी ताबडतोब टाके घातले, पुढे देखभाल केली. ती बरी झाली, आवाज तेवढा घोगरा राहिला. यावरून त्यांनी नोंद केली की श्वासनळीची जखम भरू शकते. त्या काळात ही मोठी गोष्ट होती, कारण गुदमरणाऱ्याचा गळा उघडायला हकीम घाबरत. आणि ती दासी होती, कुठली शहजादी नव्हती. तिचं नावही कुणी लिहून ठेवलं नाही, पण तिच्यापायी शिकलेला धडा पुढे शेकडो वर्षं वाचला गेला.

स्त्रियांच्या मुतखड्याच्या प्रकरणात ते सांगतात की असा इलाज जाणणारी हकीम स्त्री शोधा. ती मिळाली नाही तर एखाद्या जाणत्या सुईणीला जवळ बसवा आणि तुम्ही सांगाल तसं तिच्याकडून करून घ्या. हजार वर्षांपूर्वीच्या कुर्तुब्यात स्त्रीच्या हातात शस्त्रक्रियेचं काम देणं त्यांना गैर वाटलं नाही. उलट, ते हवंच होतं. आपल्याच घरांत मुलगी बारावीला चांगले गुण घेऊन आली की पुढे कशाला शिकवायचं असा सवाल उठतो. मग तिचा आजार मात्र लेडी डॉक्टरलाच दाखवायचा असतो. ती लेडी डॉक्टर कुठून येणार, याचं उत्तर घरातल्या मोठ्यांनी द्यावं.

विद्या कुणाच्या बापाची नाही

आता त्या व्हॉट्सॲप मेसेजकडे परत येऊ. शस्त्रक्रियेचा शोध जहरावींनी लावला का? नाही, आणि त्यांनी तसा दावाही केला नाही. त्यांनी जुन्या लोकांची पुस्तकं वाचली, त्यातून घेतलं, अनुभवाने तपासलं आणि भर घातली. यूनानचे बुकरात आणि जालीनूस, सातव्या शतकातले पौलुस, यांचा त्यांच्या पुस्तकावर मोठा प्रभाव आहे. आतड्याचा बारीक धागा जालीनूस यांनाही ठाऊक होता.

आणि आपला हिंदुस्थानही यात मागे नाही. सुश्रुत संहितेत फाटलेलं आतडं जोडायला काळे मुंगळे चावायला लावण्याचा उपाय आहे. तिच्यातल्या पकडींची नावंच सिंहमुख, कंकमुख अशी, म्हणजे सिंहाच्या तोंडासारखी, बगळ्याच्या जातीतल्या कंक पक्ष्याच्या तोंडासारखी. यांतली कंकमुख पकड सगळ्यांत उपयोगी असं संहिता मानते. आठव्या शतकाच्या शेवटी बगदादमध्ये बर्मकी वजीर याह्या इब्न खालिद यांनी मनका नावाच्या हिंदी वैद्याकडून सुश्रुत अरबीत आणवला. म्हणजे जहरावींच्या किती तरी आधी हे ज्ञान अरबी जगात पोचलं होतं. बगदादच्या मुसलमानांना हिंदू वैद्याकडून शिकण्यात कमीपणा वाटला नाही आणि कुर्तुब्याच्या मुसलमानाला यूनान्यांचं ऋण मान्य करण्यात लाज वाटली नाही. आम्हाला अभिमान वाटायचाच असेल तर या मोकळेपणाचा वाटला पाहिजे.

पुढे बाराव्या शतकात तुलैतला, म्हणजे टोलेडो इथे क्रेमोनाच्या जेरार्ड यांनी अत्तसरीफचा शस्त्रक्रियेचा भाग लॅटिनमध्ये आणला. चौदाव्या शतकातले फ्रान्सचे नामवंत सर्जन गी द शोलियाक यांनी आपल्या ग्रंथात जहरावींचा पुन्हापुन्हा हवाला दिला. छपाई आली तेव्हा 1497 साली व्हेनिसमध्ये तो भाग छापला गेला. 1465 साली अमास्याचे तुर्की हकीम शरफुद्दीन साबुनजुओग्लू यांनी त्याच्या आधारे तुर्कीत सचित्र ग्रंथ लिहिला. युरोपने ते चोरलं नाही, भाषांतर करून, लेखकाचं नाव सांगून वाचलं. आपल्या देशातही पाटण्याच्या खुदाबख्श लायब्ररीत अत्तसरीफचं जुनं हस्तलिखित जपून ठेवलेलं आहे.

शहर गेलं, पुस्तक राहिलं

जहरावींचा शेवटचा काळ फार कठीण होता. 1009 पासून कुर्तुब्यात गादीसाठी आपसातली यादवी सुरू झाली. मुसलमानच मुसलमानांशी लढले. 1010 साली त्यांची ती देखणी मदीनतुज्जहरा लुटली गेली, उद्ध्वस्त झाली. तिचे संगमरवरी खांब लोकांनी उचलून नेले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, 1013 च्या सुमारास, जहरावींचं निधन झालं असं मानतात. 1031 ला खिलाफतही संपली. नगरीवर माती चढली आणि 1911 पासून तिचं उत्खनन सुरू आहे. 2018 साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा जाहीर केलं. महाल बांधणाऱ्यांचे महाल जमिनीखाली गेले आणि दूरच्या गरीब वैद्यासाठी लिहिलेलं पुस्तक टिकलं.

त्यांची नजर मात्र आजच्या विज्ञानात पुन्हा दिसू लागली आहे. जपानच्या कान्साई विद्यापीठातल्या संशोधकांनी डासाच्या सोंडेचा अभ्यास करून कमी दुखणारी सुई बनवायचा प्रयत्न केला. डास चावताना कळत नाही, कारण त्याच्या सोंडेचे करवतीसारखे भाग कातडीत आळीपाळीने, अगदी थोडं थोडं सरकतात. अमेरिकेत सायाळाच्या काट्यांवर संशोधन झालं. ते सहज आत घुसतात पण बाहेर निघत नाहीत, मग जखम धरून ठेवायला त्यांचा उपयोग होईल का? भिंतीवर पळणाऱ्या पालीच्या पायांवरून ओल्या अवयवाला चिकटणारी पट्टी बनवायचं काम झालं. करकोच्याच्या चोचीकडे बघणारा हकीम आणि पालीच्या पायाकडे बघणारा शास्त्रज्ञ, दोघांचा सवाल एकच.

कुरआनमध्ये एका सूरहचं नाव मुंगीवरून आहे, एकाचं मधमाशीवरून. सृष्टीकडे बघा, विचार करा, ही ताकीद आपण लहानपणापासून ऐकतो. तिलावत करतो, पण अंगणातल्या मुंगीकडे थांबून बघतो का?

आणखी एक. आपल्या समाजात लोहार आहेत, सुतार आहेत, कुरेशी बिरादरी आहे, गॅरेजवाले, वेल्डिंगवाले, शिलाईवाले आहेत. या हातांना आपणच हलकं समजतो आणि पोराला सांगतो, शिक, नाहीतर बापासारखं लोखंड ठोकत बसशील. जहरावींचं सगळं शास्त्र याच हातांवर उभं होतं. धागा कसायाकडून आला, गिरमिट सुताराकडून, चिमटा लोहाराने घडवला, तार सोनाराने ओढली. नीटचा निकाल लागला की कित्येक घरांत मातम होतो, जणू डॉक्टर झालं नाही तर सगळी दारं बंद. पण वैद्यकीय उपकरणं बनवण्याचं शिक्षण आहे, कृत्रिम हातपाय आणि दात घडवण्याचे कोर्स आहेत. मुंबईच्या आयआयटीत तर डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र बसून उपकरणं घडवतात असं बेटिक नावाचं केंद्रच आहे. ज्या पोराच्या हातात बापाची कारागिरी आहे आणि डोक्यात जीवशास्त्र, तो तर जहरावींचा खरा वारस.

तेव्हा पुढच्या वेळी तो मेसेज आला तर पुढे पाठवण्याआधी मुलांना जवळ बोलवा आणि करकोच्याच्या चोचीची, मुंगळ्याच्या जबड्याची, पिसाच्या देठाची गोष्ट सांगा. मग त्यांना विचारा, तुम्ही आज काय बघितलं? अल्लाह तआला हकीम अबुल कासिम अल-जहरावींच्या कबरीवर रहमत करो आणि आपल्या लेकरांना बघणारे डोळे, काम करणारे हात आणि खरं बोलणारी जबान देवो. आमीन.